हळद लावून बास्केटबॉल

कॉलेजच्या फलकावर झोनच्या मॅचची नोटीस लागली, तेव्हा आमच्यापैकी कुणीच ती शेवटपर्यंत वाचली नाही. समोरच्या कॉलेजचं नाव वाचलं आणि पुढचं वाचायची गरजच उरली नाही. मुंबईचं कॉलेज ते. तिथल्या मुली शाळेपासून बास्केटबॉल खेळलेल्या. पायात घोट्यापर्यंतचे बूट, अंगात पांढरेशुभ्र टी-शर्ट, पाठीवर नंबर छापलेला. आमच्या पाठीवरचे नंबर कापडी पट्टीचे होते आणि ते जिच्या-तिच्या आईने शिवलेले होते, त्यामुळे माझा सात जरा आडवा झोपलेला होता.

गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून हरलो होतो असं म्हटलं, तर ती फुशारकी होईल. हरायला आधी मॅच संपावी लागते. आमची संपलीच नव्हती.

झालं होतं असं, की आमची टीम मुळात बास्केटबॉलची नव्हतीच. सर कबड्डीचे. आम्ही बहुतेक मुली भिवंडीच्या आसपासच्या गावांतल्या, म्हणजे आम्हीही कबड्डीच्या. मी दिघाशीच्या बाजूची. आमच्या भागात मूल चालायला लागलं की त्याच्यामागे मातीत एक रेघ ओढतात आणि दम घोकायला लावतात. त्यातून माझे बाबा म्हणजे त्यांच्या काळातले नावाजलेले पकडवाले. चढाईला आलेला गडी बाबांच्या हातून परत गेला, असं झालंच नाही म्हणतात. निदान बाबा तरी असं म्हणतात. मला मुलगा-मुलगी असा भेद न करता त्यांनी अंगणात सगळ्या पकडी शिकवल्या होत्या, घोट्याची, मांडीची, कमरेची. "आलेली जाव द्याची न्हाय," एवढंच त्यांचं सांगणं. "आपल्या हद्दीत आली, आपली झाली."

कॉलेजच्या मागे बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट होतं, कुणीतरी कधीतरी हौसेने बांधलेलं. एक रिंग सरळ, दुसरी थोडी मान टाकलेली. कुणी खेळत नव्हतं, म्हणून सरांनी आम्हांलाच तिथे उतरवलं. बाहेरून आम्हांला एकच मुलगी घ्यावी लागली. ती शहरातल्या पॉवरलूमवाल्या घरातली, घरी हिंदी बोलणारी, आयुष्यात काहीही न खेळलेली. पण ती इतकी उंच होती, की सरांनी तिला लायब्ररीच्या रांगेतून उचलून आणलं.

तर गेल्या वर्षी आम्ही त्यांच्या त्या चकचकीत लाकडी कोर्टवर उतरलो. शिट्टी झाली. त्यांची कॅप्टन बॉल टप्पे मारत सुसाट माझ्या दिशेने आली. मला ना बॉल दिसला, ना रिंग. मला एवढंच दिसलं, की चढाईवाली एकटी आपल्या हद्दीत शिरली आहे. मी तिची कंबर धरली. मी धरली म्हटल्यावर बाकीच्यांनी साखळी केली. आम्ही तिला बॉलसकट उचललं, रेषेबाहेर नेऊन ठेवलं आणि "आउट! आउट!" म्हणत मांड्यांवर थापा मारल्या.

तिथल्या त्या मोठ्या हॉलमध्ये सगळे उठून उभे राहिले. मग पंचाने शिट्टी वाजवली आणि ती नंतर वाजतच राहिली.

बास्केटबॉलमध्ये एकीचे पाच फाउल झाले की ती बाहेर. आमच्या हाताला आवर नव्हता. डोक्याला कळायचं, हाताला नाही. एकेक करत आम्ही सगळ्या बाहेर बाकावर आलो, मी सगळ्यांत पहिली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोर्टवर एकटी आमची उंच मुलगी उरली. तिच्या घरी कबड्डी नव्हती, म्हणून ती वाचली होती. ती बॉल हातात धरून रेषेबाहेर उभी राहिली आणि सरांकडे बघून रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, अब पास किसको दूँ?"

एकटीने खेळता येत नाही, निदान दोघी तरी लागतात. मॅच तिथेच थांबवली.

या सगळ्या प्रकरणात एकच माणूस खूश झाला. संध्याकाळी घरी गेले, रडत रडत सगळं सांगितलं, तर बाबांनी शांतपणे विचारलं, "पकड सुटली न्हाय ना?"

"न्हाय सुटली."

"मंग रडतेस कशाला?"

पण प्रिन्सिपॉल मॅडम काही बाबा नव्हत्या. या वर्षीची नोटीस लागली त्याच दुपारी त्यांनी आम्हांला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम हळू बोलायच्या, त्याचीच जास्त भीती वाटायची. म्हणाल्या, "हरलात तर मी काहीही म्हणणार नाही. पण मॅच पूर्ण व्हायला हवी. शेवटच्या शिट्टीला तुमच्यातल्या दोघी तरी कोर्टवर उभ्या दिसल्या पाहिजेत. गेल्या वर्षीसारखं परत झालं, तर मुलींची टीम बंद. स्टाफला गाड्या लावायला जागा नाहीच आहे. त्या कोर्टवर स्कूटर लावू."

बाकीच्या बाहेर आल्यावर हसल्या. मला हसू येईना. माझ्या आयुष्यात बहुतेक गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या. कॉलेज हेच, कारण वज्रेश्वरीची एसटी त्याच्या जवळ थांबते. आर्ट्सच, कारण चुलतभावाची पुस्तकं घरात होती. कबड्डी तर रक्तातच. बॉल मात्र मी स्वतः उचलला होता. पहिल्या दिवशी तो सिमेंटवर आपटला आणि टप्प् करून परत माझ्या हातात आला, तेव्हा मला जे वाटलं ते कुणाला सांगायला गेले तर लोक म्हणतील, पोरगी वेडी आहे. कबड्डीत धरलेलं सोडायचं नसतं. इथे सोडलेलं परत येत होतं. मला ते फार आवडलं होतं. त्या जागी स्कूटर उभ्या आहेत, हे मनातसुद्धा आणवत नव्हतं.

मॅच या वेळी आमच्याकडे होती, हा एकच दिलासा. सरांनी हट्टाने शुक्रवार मागून घेतला. शुक्रवारी शहरातले पॉवरलूम बंद. एरवी कॉलेजच्या भिंतीपलीकडे दिवसभर असा खडखडाट असायचा, की सरांनी काय ओरडून सांगितलं ते ओठांवरून ओळखावं लागे. शुक्रवारी निदान सरांचं ऐकू येईल आणि सुट्टी असल्याने चार माणसं बघायला येतील, असा त्यांचा हिशेब.

राहिला प्रश्न हातांचा. सरांनी सगळे उपाय करून पाहिले. हात पाठीमागे बांधून खेळवलं, तर दोघी तोंडावर पडल्या. हातात रुमाल धरायला दिले, तर आम्ही रुमालासकट पकडी केल्या. सर डोक्याला हात लावून बसले. "अगं, समोरची येऊ दे! तिच्यासमोर उभी राहा, हात वर कर, पाय हलव. धरू नको, एवढंच!" एवढंच म्हणे. बावीस वर्षं कबड्डी शिकवलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना आम्हांला त्यांचीच दया यायची.

आणि मग हळद आली.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. नवरीला हळद लागते ती लागतेच, पण वऱ्हाडातलं कुणीच कोरडं राहत नाही. बायका दबा धरून बसतात आणि कुणाच्याही गालाला हात पुसतात. मी करवली, त्यामुळे माझे हात कोपरापर्यंत पिवळे. सकाळी घासघासून धुतले, पण सगळी निघाली नाही. तशीच पहिली एसटी पकडून प्रॅक्टिसला गेले. घामाने उरलेली हळद सुटली असणार. खेळ थांबला तेव्हा उंच मुलीने स्वतःच्या पांढऱ्या टी-शर्टकडे पाहिलं आणि किंचाळलीच, "अरे ये देख! पूरा पंजा छप गया!"

तिच्या कमरेला माझी पाचही बोटं. दुसरीच्या पाठीवर आख्खा तळवा. तिसरीच्या दंडाला बांगडी घातल्यासारखा पिवळा पट्टा.

मी शपथेवर सांगत होते, की मी कुणालाही धरलं नाही. आणि खरंच, मला धरल्याचं आठवतच नव्हतं. सर जवळ आले, एकेकीच्या टी-शर्टकडे निरखून पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की मी तरी तसा फुललेला कधी पाहिला नव्हता. "उद्या सगळ्यांनी पांढरे टी-शर्ट घालून या," ते म्हणाले. "हळद मी आणतो."

दुसऱ्या दिवसापासून आमची प्रॅक्टिस हळदीने सुरू व्हायची. सर परातीत हळद पाण्यात कालवायचे. तेल नाही, नाही तर बॉल निसटतो, हेही त्यांनी एक सकाळ फुकट घालवून शोधून काढलं. आम्ही दोन्ही हात बुडवायचे आणि खेळायचं. खेळ थांबला की तपासणी. जिच्या बोटांचे ठसे दुसरीच्या अंगावर सापडतील तिने मैदानाला चक्कर मारायची. वाद घालायची सोयच नव्हती. पहिल्या आठवड्यात आमचे टी-शर्ट असे झाले होते, की खंडोबाच्या यात्रेहून आल्यासारखे वाटावेत. मी इतक्या चकरा मारल्या, की वॉचमन विचारायला लागला, ही मुलगी बास्केटबॉलमध्ये आहे की धावण्याच्या शर्यतीत?

पण फरक पडायला लागला. हातांना आपण काय करतोय ते दिसायला लागलं. धरायला पुढे गेलेला पिवळा हात डोळ्यांना दिसायचा आणि अर्ध्या वाटेतून मागे यायचा. पंजे कमी झाले, नुसती बोटं उरली, मग बोटांची टोकं. ज्या दिवशी उंच मुलगी माझ्यासमोरून बॉल घेऊन गेली आणि तिचा टी-शर्ट पांढरा राहिला, त्या दिवशी सरांनी मला वडापाव खिलवला.

घरी मात्र बाबांचं तोंड फुगलं होतं. अंगणात मी कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबासमोर हात वर करून डावी-उजवी सरकायची प्रॅक्टिस करायची. बाबा ओट्यावर बसून बघायचे. गोदामाला जमीन दिल्यापासून त्यांना बसून बघायला बराच वेळ असायचा. एकदा न राहवून म्हणाले, "असा हात वर करून मानूस पोलिसांपुढं उभा रावतो."

"बाबा, यात धरायचं नसतं."

"धराचं न्हाय तं मंग खेलाचं कशाला?" म्हणाले आणि उठून आत गेले. मला वाईट वाटलं. माझे हात त्यांनीच घडवले होते आणि मी रोज सकाळी तेच हात मोडायला जात होते, असं त्यांना वाटत असणार.

हळद धुतली तरी तळव्यांना पिवळेपणा राहतोच. आम्ही सगळ्या पिवळ्या हातांनी वर्गात बसायचो, पिवळ्या हातांनी डबा खायचो. उंच मुलीच्या अम्मीने तिला विचारलं, रोज रोज किसकी शादी है? माझ्या बाबतीत प्रकरण त्याही पुढे गेलं. आमच्या एसटीत सगळी पंचक्रोशी. रोज तिकिटाला पिवळा हात पुढे येतो, हे कंडक्टरच्या डोळ्यांतून सुटेना. त्याने पहिले दोन-तीन दिवस काही विचारलं नाही, मग विचारून टाकलं, "पोरी, कुनाची हलद?" मी घाईत म्हणाले, "आमचीच." म्हणजे आमच्या टीमची. पण एसटीत अर्धं वाक्य पुरतं. गावोगावी उतरत जाऊन ते वाक्य खाडीकाठी माझ्या मामाच्या गावापर्यंत पोचलं.

रविवारी सकाळी दारात मामाची गाडी उभी. मामा उतरला, मागोमाग मामाच्या गड्याने टोपली उतरवली. टोपलीत साडी, नारळ, फळं. मामा ओट्यावर बसला, पण टेकून नाही, कडेला. आईने पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. आमच्यात मामाने पाणी घेतलं नाही म्हणजे झालं.

"भाचीची हलद," मामा हवेत बघून म्हणाला, "न मामाला आमंत्रन न्हाय. मेलो हाय का मी?"

आईला काही कळेना. "कोनाची हलद, दादा?"

"हात बघ तिचं! हात बघ, न मंग मना इचार!"

मी हात लपवायला गेले, पण उशीर झाला होता. हळदीत मामाचा मान पहिला. तो विसरणं म्हणजे आयुष्यभराचं तोंड बंद. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. गेल्या वर्षीची मॅच, फाउल, मॅडम, स्कूटर, पांढरे टी-शर्ट. मामाच्या चेहऱ्यावरची रेष हलेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "हलद लावून बास्केटबॉल?"

"हां."

मामाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी दुसरीकडे पाहिलं. मग मामा असा हसायला लागला, की टोपलीतला नारळ घरंगळला. पण हसून झाल्यावर पुन्हा गंभीर. हळद असो की खेळ असो, मामाला न सांगता झालं म्हणजे मान चुकला तो चुकलाच. आई हुशार. ती आत गेली, अक्षता आणि सुपारी घेऊन आली, मामाच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "सुक्करवारी मॅच हाय दादा. तुजा पयला मान." मामाने सुपारी कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि मग कुठे पाणी प्यायला.

सुपारी घेतलेला मामा एकटा येत नाही, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मॅच होती. लूम बंद, त्यामुळे भिंतीपलीकडे अशी शांतता, की आपल्याच बुटांचा आवाज दचकवत होता. सुट्टीवरचे कामगार येऊन भिंतीवर ओळीने बसले. मुंबईच्या मुली बसमधून उतरल्या, आमची मान टाकलेली रिंग पाहून त्यांनी एकमेकींना कोपरं मारली. त्यांची कॅप्टन तीच. हात मिळवायला आली आणि माझा हात बघून थबकली. "शादी है क्या?" मी मान हलवली, नाही. ती हसली, "इस बार उठाना मत हाँ." चांगली होती मुलगी. मला तिच्याबद्दल राग असा कधी वाटलाच नाही.

एवढ्यात गेटमधून दोन टेम्पो आत आले. पहिल्यात माझं सगळं आजोळ. दुसऱ्यात हळदीला नाचायला वाजवते ती बेंजो पार्टी.

सर धावत गेले. मामाने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, वाजवाचं कवा?" सर बिचारे गोंधळले. त्यांच्या डोक्यात त्या दिवशी एकच गोष्ट होती, तीच त्यांच्या तोंडून निघाली. "समोरची मुलगी येईल आणि आपली मुलगी तिला धरणार नाही, तेव्हा वाजवा." मामाने पार्टीला तेच सांगितलं. पार्टीने भिंतीवरच्या कामगारांना सांगितलं. बाबाही आले होते. ते बेंजोपासून लांब, रेषेच्या अगदी जवळ, हाताची घडी घालून उभे राहिले.

मॅच सुरू झाली. त्यांची एक मुलगी वाऱ्यासारखी आली, मी हात वर केले, ती मला चुकवून गेली, बास्केट झाली. आणि आमच्या बाजूने बेंजो दणाणला. भिंतीवरून शिट्ट्या. मामाच्या घरच्या बायका नाचायला लागल्या. मुंबईच्या मुली जागच्या जागी थिजल्या. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, पॉइंट त्यांचाच लागला होता. पुन्हा आल्या, पुन्हा बास्केट, पुन्हा बेंजो. त्या जितक्या जिंकत गेल्या तितका आमचा गाव आनंदाने वेडा होत गेला. शेवटी पंचाने खेळ थांबवला आणि बेंजो शेवटची शिट्टी होईपर्यंत बंद ठेवायला सांगितलं. तरी टाळ्यांना कुणी काय करणार?

मध्येमध्ये आम्हीही बास्केट केल्या. उंच मुलीने मान टाकलेल्या रिंगमध्ये दोन टाकल्या, कारण तिकडे कसं टाकायचं ते फक्त आम्हांलाच माहीत होतं.

पण माणूस दमला की जुनं वर येतं. तिसऱ्या क्वार्टरनंतर हात पुन्हा पुढे जायला लागले. एकीचे पाच झाले. मग दुसरीचे. एकीचा पाय मुरगळला. बाकावरच्या संपल्या, मग कोर्टवरच्या संपायला लागल्या. प्रिन्सिपॉल मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. शेवटच्या मिनिटांत आम्ही दोघीच उरलो, मी आणि उंच मुलगी. दोघींचेही चार-चार. एक फाउल आणि सगळं संपलं. आता बोर्डाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळं मैदान आमच्या हातांकडे बघत होतं.

उंच मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "छूना मत. कुछ भी हो जाए, छूना मत."

आणि त्यांची कॅप्टन आली. तसाच बॉल, तशीच सुसाट, अगदी गेल्या वर्षीसारखी, सरळ माझ्यावर. माझे गुडघे आपोआप वाकले. खांदा खाली गेला. ती कुठे वळणार, मला दिसत होतं. तिची कंबर कुठल्या क्षणी माझ्या हातात येणार, तेही दिसत होतं. अशी पकड मी आयुष्यात सोडलेली नव्हती.

आणि रेषेजवळून बाबांचा आवाज आला. सगळ्या मैदानाच्या वर, अंगणातला तोच आवाज. "धर गो! धर!"

मी हात वर केले.

ती माझ्या अंगाला वाऱ्याएवढी घासून गेली. माझ्या डोळ्यांसमोर माझेच दोन पिवळे तळवे होते, आकाशात. मागे बॉल जाळीत पडल्याचा आवाज झाला आणि लगेच लांब शिट्टी वाजली. मला वाटलं, फाउल. मी हात खाली घेतलेच नाहीत. उंच मुलगी येऊन मला मिठी मारून हलवायला लागली, तेव्हा कळलं की ती शेवटची शिट्टी होती.

मग जो बेंजो वाजला तो वाजला. मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मामाने कुठून आणली कोण जाणे, पण हळद आणलीच होती. त्याने आधी सरांना माखलं, मग पंचांना, मग माझे दोन्ही हात. मुंबईच्या कॅप्टनने पाठ वळवून मला आपला पांढरा टी-शर्ट दाखवला. कुठेही डाग नव्हता. मी हसले, तिने स्वतःच माझा हात धरून आपल्या खांद्यावर दाबला आणि पिवळा पंजा उमटवून घेतला. तो घेऊन ती बसमध्ये चढली. आम्ही किती पॉइंटनी हरलो, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि नंतरही मी विचारलं नाही. पुढची दोन वर्षं मी त्या कोर्टवर खेळले. स्कूटर बाहेरच रस्त्यावर उभ्या राहिल्या.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. गर्दी पांगली तरी बाबा रेषेजवळून हलले नव्हते. मी बॅग घेऊन त्यांच्याजवळ गेले. ते माझ्याकडे बघेनात. चालायला लागले, मीही मागोमाग. गेटपर्यंत आलो तेव्हा म्हणाले, "मी धर बोललू."

"आयकलं मी."

एसटीच्या थांब्यावर त्यांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

"बरा झाला," बाबा म्हणाले, "माजा आयकला न्हाईस."